परातीनंतरचा ठोका

रोहिणीनं भावाच्या कवितांचा अल्बम काढायचा ठरवला तेव्हा तिच्या पदरात तीनच गोष्टी होत्या. एक शंभरपानी वही, एक अर्धी रिकामी कांदाचाळ, आणि पितृपंधरवड्यात लग्नं नसल्यामुळं माशा मारत बसलेली कानिफनाथ बॅन्जो पार्टी. एवढ्यावर माणसं फार तर भजनाला बसतील. पण रोहिणी तिसगावात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. सर्व्हर बंद पडल्यावर दारात उभी राहिलेली चिडकी गर्दी तिनं एकटीनं आवरलेली आहे. अशी पोरगी असल्या अडचणींना भीक घालत नसते.

भाऊ म्हणजे वैजनाथ. तो रॅप करायचा आणि स्वतःला ‘एमसी वाढं’ म्हणवून घ्यायचा. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. ऊस कारखान्यात जातो, साखर शहरात जाते आणि तोडणाऱ्याच्या हाती म्हशीपुरतं वाढं राहतं, असा त्या नावामागचा त्याचा हिशेब होता. एमसी म्हणजे काय, हे मात्र वस्तीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या वडिलांनी, काकासाहेबांनी, बरेच दिवस लोकांना पोरगा एमपीएससीसारखीच कसली तरी परीक्षा देतोय असं सांगून मान मिळवला. पुढं पोराची गाणी मोबाईलवर गाजली, तेव्हा त्यांनी न लाजता "पास झाला" म्हणून पेढे वाटले.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात वैजनाथ डेंग्यूनं आजारी पडला आणि चार दिवसांत गेला. चोवीस वर्षांचा होता.

त्याच्या आईनं, कडूबाईनं, त्याचं एकही गाणं कधी ऐकलं नाही. तो जिवंत असताना मोबाईल घेऊन मागं मागं फिरायचा, "आई, एकदा ऐक की." ती म्हणायची, "हंगाम उरकू दे, मग ऐकते निवांत." ऊसतोडीचा हंगाम उरकला की कांदा काढायचा असायचा, कांदा उरकला की पेरणी. निवांत काही आलं नाही. आणि तो गेल्यावर तर वेगळीच गत झाली. घरात कुठं ढोलकीवर थाप पडली, मोबाईलवर ठेका वाजला, की कडूबाई बादली उचलायची आणि थेट गोठ्याकडं चालू लागायची. या दोन वर्षांत त्या म्हशीला जेवढं पाणी पाजलं गेलं, तेवढं तिच्या सात पिढ्यांनी प्यायलं नसेल.

रोहिणीला आईनं फक्त एक गाणं ऐकायला हवं होतं. एकच, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, बादलीला हात न लावता. दसरा झाला की ट्रक येणार, आई-वडील सहा महिने तोडीला जाणार, त्याच्या आत. अल्बम जगासाठी होता, कबूल, पण रोहिणीच्या मनात तो एका बाईसाठीच चालला होता.

वस्तीवरच्या बायकांनी कांदाचाळीच्या भिंतींना टांगायला गोधड्या दिल्या, म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊ नये. बावीस गोधड्या लागल्या. आत उभं राहिलं की एखाद्या लई मोठ्या कुटुंबाच्या अंथरुणात शिरल्यासारखं वाटायचं. लॅपटॉप सांभाळायला ओंकार होता, वैजनाथचा जिवलग, ट्रॅक्टर चालवता चालवता ठेके बनवणारा. आणि चाली लावायला मच्छिंद्र, बॅन्जो पार्टीचा मालक, ज्यानं तीस वर्षांत तालुक्यातली निम्मी लग्नं वाजवून काढली होती.

घोटाळा नेमका तिथंच होता. मच्छिंद्रमामा चाल गंभीर सुरू करायचे. डोळे मिटून, मान हलवून, अगदी काळजाला हात घालणारी. तिसऱ्या ओळीला त्यांचा उजवा खांदा हलायला लागायचा आणि चौथ्या ओळीला हळद लागलेली असायची. वैजनाथची दुष्काळावरची कविता रेकॉर्ड होताना ताशेवाल्याला राहवलं नाही, तो बसल्या जागी नाचायला लागला, आणि त्याचं बघून बाहेर उभी असलेली पोरं. दुष्काळावर एवढं नाचलेलं तालुक्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

"मामा, ही दुःखाची कविता हाय," रोहिणी कळवळून म्हणाली.

"आगं, मग रडत्यात की समदी," मामा म्हणाले.

ते खरंच होतं. चाळीत उरलेल्या कांद्याच्या उग्र वासानं गाणारे, वाजवणारे, ऐकणारे, सगळ्यांचेच डोळे वाहत होते. रडत रडत नाचायचं, असा तो सगळा अल्बम तयार होत गेला, आणि ओंकार म्हणाला, "वैजाला असंच आवडलं असतं." मग रोहिणीनं तक्रार सोडून दिली. तिलाही आतून तसंच वाटत होतं. किती महिन्यांनी ती पोट धरून हसत होती, आणि भावाच्या नावानं हसतोय याचं तिला जरासुद्धा अपराधी वाटत नव्हतं.

अकरा गाणी झाली. बारावं मिळालं ते वहीच्या शेवटच्या पानावर. वही शाळेतली जुनीच होती, पुढं भूमिती, मधे कविता. शेवटच्या पानावरच्या ओळींना नाव नव्हतं, अक्षरही जरा पोरकट होतं. ओंकारनं त्या मोठ्यानं वाचल्या.

*कोयतं दोन, कानस एक,*
*शेळीला दावं, दाव्याला मेख,*
*ताडपत्री, कळक सात,*
*घमेलं, तांब्या, चरवी, परात,*
*गोधड्या पाच, उशी नको,*
*कोंबड्या तीन, कोंबडा नको,*
*पीठ, मीठ, मिरचीचा डबा,*
*चला रं, ट्रक दारात उभा!*

"बिऱ्हाड," ओंकार हळूच म्हणाला. "अख्खं बिऱ्हाड आठ ओळीत बांधलंय गड्यानं."

अल्बमला प्रस्तावना लिहायला कल्याण सर होते, गावच्या शाळेतून निवृत्त झालेले. कविता दिसली की सरांना अर्थ लागायचा, आणि एकदा लागला की लवकर उतरायचा नाही. "कोंबडा नको!" सर म्हणाले. "पाहिलंत? कोंबडा म्हणजे पहाट. कवीनं इथं पहाटच नाकारली आहे. आणि आणखी एक. सगळा संसार घेतला, पण तवा घेतलेला नाही. ज्यांच्या नशिबी भाकरीच नाही, त्यांना तवा कशाला? ही अनुपस्थितीच बोलते आहे." ताशेवाल्याला अनुपस्थिती कोण ते कळलं नाही, पण त्यानं मान हलवली.

हे गाणं कुणाच्याच तोंडात बसेना. ओंकार अडखळला, पार्टीचा गायक आळवत बसला. शेवटी रोहिणीनं नुसतं म्हणून दाखवलं, तर ते तिच्या जिभेवरून असं धावलं की जणू रोजचंच बोलणं. मग तिलाच माईकपुढं उभं केलं. फक्त एका जागी मच्छिंद्रमामा हटून बसले.

"परातीनंतर एक ठोका रिकामा पडतोय," ते म्हणाले. "तिथं कायतरी पायजे."

"कवीनं लिहिलंच न्हाई मामा, तर आपन कुठून आनायचं?"

"मला न्हाई ठावं. पन तीस वर्सं वाजवतोय मी. भोक कळतंय मला."

त्या एका ठोक्यापायी पुरता दिवस गेला. झांज लावून पाहिली, क्लॅरिनेट लावून पाहिलं, ताशेवाल्यानं शिट्टी मारली, ओंकारनं काच फुटल्याचा आवाज घातला. एकदा तर बाहेर शेळी नेमकी त्याच जागी ओरडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी प्रत्येक वेळी मान हलवून नकारच दिला. अखेर ठोका रिकामाच ठेवला, आणि मामा जेवणावर रुसले.

दुसऱ्या दिवशी अष्टमी होती. वैजनाथचा म्हाळ, म्हणजे त्याच्या नावानं पान मांडून चार माणसं जेवू घालायचा दिवस. खीर, वडे, कढी, अळूची भाजी, आणि वैजनाथला आवडायची म्हणून शेजारी तिसगावची भेळ, वर हिरवी मिरची. कडूबाईनं पान पडवीच्या पत्र्यावर ठेवलं आणि खाली हात जोडून उभी राहिली. कावळ्यानं घास घेतला की मगच माणसांनी जेवायचं.

कावळा येईना.

बारा वाजले, साडेबारा वाजले. लिंबावर दोन कावळे बसलेले स्पष्ट दिसत होते, पण पत्र्याकडं ढुंकून बघत नव्हते. कावळा घास घेत नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली, आणि ती पुरी करायचा शब्द द्यावा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक. मग एकेकाला कंठ फुटला.

काकासाहेबांनी हात वर केले. "वैजा, लेका, तुझा अलबम निघतोय. नगरला बोर्ड लावतो मोठा!"

कावळ्यानं चोच पंखात घातली.

ओंकार पुढं झाला. "वैजा, तुझे हेडफोन माझ्याकडंच हायेत. हरवलं म्हणलो हुतो, ते खोटं बोललो. आज देतो घरी."

"आरं चोरा," काकासाहेब म्हणाले. कावळा तसाच.

मच्छिंद्रमामांनी टोपी काढली. "तुझी गानी मी हळदीच्या चालीत वाजवली. चुकलं. एक गानं दुःखाचं करून देतो. निम्मं तरी."

ताशेवाल्यानं दारू सोडायचं वचन दिलं. बँडच्या पोरांनी एकमेकांकडं पाहिलं, कारण हे वचन तो प्रत्येक म्हाळाला देतो. कल्याण सरांनी प्रस्तावना अकरा पानांवरून नऊ पानांवर आणायची तयारी दाखवली. वड्यांच्या परातीवरची त्यांची नजर पाहता ते सातावरही आले असते. कावळा काही केल्या हलेना.

शेवटी काकासाहेबच ओरडले, "आरं, ज्याच्यापायी जीव टाकत हुता तेच लावा की! गानं लावा त्याचं!"

अंगणात बँडची गाडी उभीच होती, वर चार भोंगे. कडूबाईचा हात सवयीनं बादलीकडं गेला.

"आगं," काकासाहेब म्हणाले, "कावळ्यानं घास घेतल्याबिगर पानापासनं हालायचं नसतंय."

हे कडूबाईला त्यांच्याहून जास्त पक्कं ठाऊक होतं. ती थांबली. पदर कानाशी ओढून, पत्र्यावरच्या पानाकडं बघत, अंग चोरून उभी राहिली. ओंकारनं घाईघाईत हाताला लागलं ते गाणं दाबलं. ते बारावं निघालं.

भोंगे सुरू झाले आणि पहिल्या दणक्यालाच लिंबावरचे दोन्ही कावळे उडाले. शिवारातले बाकीचे कावळेही बहुतेक त्यांच्याबरोबर मढीच्या डोंगरापर्यंत गेले. "गेलं की रं!" कुणीतरी ओरडलं. पण रोहिणी कावळ्यांकडं बघतच नव्हती. ती आईकडं बघत होती.

*कोयतं दोन, कानस एक...*

कडूबाईचा कानावरचा हात खाली आला.

*शेळीला दावं, दाव्याला मेख...*

तिचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, पण प्रत्येक शब्द गाण्याच्या अर्धा ठोका आधी तिच्या ओठांवर येत होता. हे गाणं चाळीबाहेर कुणी ऐकलेलं नव्हतं.

*ताडपत्री, कळक सात,*
*घमेलं, तांब्या, चरवी, परात...*

"तवा!" कडूबाई ओरडली.

बरोबर ठोक्यावर. मच्छिंद्रमामांनी बसल्या जागी दोन्ही हात आभाळाकडं केले. "तवा!" ते किंचाळले. "आरं, तवा! तवाच पायजे हुता तिथं!"

ओंकारनं गाणं थांबवलं. कडूबाई मात्र थांबली नाही. "तवा राहिला! पंधरा वर्सं झाली, अजून त्या यादीत तवा न्हाईच! आगं रोहिणे, ही कविता न्हाई. ही माझी यादी हाय. ट्रकात काय काय चढवायचं त्याची."

कल्याण सर खाकरले. "वहिनी, तव्याचं न असणं, ती जी पोकळी आहे..."

"कसली पोकळी वो सर! पोरगं लिहायला इसरलं! अकरा वर्सांचं हुतं. मला लिहिता येत न्हाई, म्हनून म्हनलं, मी सांगते तसं लिव्ह. म्या 'परात, तवा' असं नीट सांगितलेलं. त्यानं यादी वाचत वाचत सामान चढवलं आन तवा राहिला घरी चुलीवर. सहा महिने मी घमेलं पालथं घालून भाकरी केली!"

"व्हय की!" काकासाहेबांच्या डोक्यात पंधरा वर्षांनी उजेड पडला. "त्या साली भाकरीला मधीच खड्डा पडायचा. मी म्हनलं, पीठच तसलं असंल!"

रोहिणीला यातलं काही ठाऊक नव्हतं. दरवर्षी ट्रक भरायच्या आधीच तिला शाळेसाठी तिसगावला आत्याकडं पोचवायचे.

"आणि कोंबडा?" सरांनी शेवटचा धीर करून विचारलं. "कोंबडा का नको?"

"लई भांडखोर हुता. त्याच्या मागल्या साली डायवरच्या कानाला चोच मारली हुती त्यानं."

आता मात्र हसण्याला धरबंध राहिला नाही. ताशेवाला खाली बसला, ओंकार गाडीच्या चाकाला टेकला, सर स्वतः चष्मा काढून डोळे पुसायला लागले आणि "पहाट नाकारली, पहाट नाकारली" म्हणत पुन्हा पुन्हा हसत सुटले. कडूबाईही हसत होती. दोन वर्षांत रोहिणीनं आईचे दात पाहिले नव्हते. मग हसता हसता ती एकदम थबकली आणि पायरीवर बसली.

"आई?"

"मी त्याला इचारलं हुतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मारलं बी हुतं. म्हनलं, नीट सांगितलेला तवा का न्हाई लिहिलास? तर म्हनतो कसा, 'आई, सात आन परात बेस जुळलं हुतं. तव्यानं ओळ मोडत हुती.' मला काय कळंना. मला वाटलं खोटं बोलतंय. ओळ मोडत हुती म्हनजे काय, हे मला आत्ता कळलं. त्या भोंग्यातनं."

रोहिणी तिच्याजवळ बसली. तिच्याही ध्यानात एक गोष्ट आत्ता येत होती. हे गाणं तिच्या जिभेवरून आपोआप का धावलं, वैजनाथची सगळीच गाणी तशी का धावायची. दोन शब्द, थांब, दोन शब्द, मग दाण्णकन एक. म्हशीला हाक मारताना, भाजी निवडताना, भांडताना आई अशीच बोलायची. पोरं ज्याला एमसी वाढंची स्टाइल म्हणत होती ती या बाईच्या तोंडची होती, आणि तिलाच ती कधी ऐकवता आली नव्हती. रोहिणीनं हे आईला सांगितलं. नीट सांगता आलं नाही, मधे रडू आलं, आणि या वेळी त्यात कांद्याचा काही हात नव्हता.

कडूबाईनं ऐकून घेतलं. "म्हनजे माझंच बोलनं चोरलं व्हय त्यानं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला मोठेपणाच म्हणावं लागेल.

मच्छिंद्रमामांना दम निघत नव्हता. ते चुलीपाशी जाऊन तवा आणि उलथनं घेऊनच आले. "वैनी, आत्ताच्या आत्ता चाळीत चला. परातीनंतर तुमी वरडायचं आन मी ह्याच्यावर हानतो. ह्याच्याबिगर अल्बम बाहेर पडला तर मी बॅन्जो फोडीन!"

"आवो, पन कावळा!" कुणाला तरी आठवलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. पत्र्यावरचं पान स्वच्छ झालेलं होतं. खीर गेली होती, वडे गेले होते, भेळेची तर शेवसुद्धा शिल्लक नव्हती. हिरवी मिरची तेवढी उरली होती. गर्दी हसत असताना कधीतरी कार्यभाग उरकून कावळे पसारही झाले होते, आणि एकानंही ते पाहिलं नव्हतं. कुणाच्या वचनानं काम झालं यावर लगेच भांडण लागलं. ताशेवाल्याचं म्हणणं, दारूच्या. ते खरं ठरू नये अशी त्याचीच मनापासून इच्छा दिसत होती.

"चला, पानं मांडा," काकासाहेब म्हणाले. कल्याण सर लगेच उठले.

"बसा खाली," कडूबाई म्हणाली. तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि भोंग्याच्या गाडीसमोर अंगणात मांडी घालून बसली. "जेवान हुईल. रोहिणे, पहिल्यापास्नं लाव."

"एवढंच गाणं, आई? का..."

"समदी लाव. बाराच्या बारा. आता हंगाम उरकायची वाट न्हाई बघायची मला."

रोहिणीनं पहिलं गाणं लावलं. गोठ्यात म्हैस पाण्यासाठी रेकायला लागली, एकदा रेकली, दोनदा रेकली, मग चांगलीच खवळली. बादली पायरीजवळ होती तिथंच राहिली.